रोधाचा शोध



ज्या शाळेच्या मागच्या बाकावर बसून मी पदार्थविज्ञान शिकलो, त्याच शाळेच्या व्यासपीठावरून त्याच विषयावर बोलण्याचा प्रसंग माझ्यावर येईल, असे मला कधी वाटले नव्हते. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. येथील विद्युत्-यंत्रांच्या कारखान्यात, चाचणी विभागात, माझी अडतीस वर्षे गेली. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत त्यांचे नाव पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आहेच. मी मात्र त्यांना आयुष्यभर 'सर' एवढेच म्हणत आलो आणि आजही तेवढेच म्हणणार आहे.

अशोका गार्डनातील आपल्यापैकी पुष्कळांच्या घरांची कहाणी १ नोव्हेंबर १९५६ या तारखेपासून सुरू होते. त्या दिवशी नवे मध्यप्रदेश राज्य अस्तित्वात आले, राजधानी नागपूरहून भोपाळला आली आणि फायलींच्या गाठोड्यांबरोबर कितीतरी मराठी कुटुंबेही आली. माझे वडील त्यांपैकीच एक. त्याच वर्षी भोपाळात 'हेवी इलेक्ट्रिकल्स' ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंनी तिचा कारखाना राष्ट्राला अर्पण केला. पुढे १९७४ मध्ये ती 'भेल'मध्ये विलीन झाली. एका बाजूला सचिवालयातील कारकून आणि दुसऱ्या बाजूला गोविंदपुऱ्याच्या कारखान्यातील कामगार अशा दोन प्रकारच्या घरांतली मुले सरांच्या वर्गात शेजारी शेजारी बसत. पाठ्यपुस्तक हिंदी, सरांचे समजावणे मराठी. पुस्तकात 'प्रतिरोध', सरांच्या तोंडी 'रोध', आणि वायरमनच्या तोंडी नुसते 'रेझिस्टन्स'. एकाच वस्तूची तीन नावे आम्हाला पाठ होती. वस्तू मात्र कोणीच पाहिली नव्हती. आजचा माझा विषय म्हणजे ही न दिसणारी वस्तू मोजण्याचा इतिहास होय.

माझ्या हातून घडलेल्या एका लबाडीपासून आरंभ करतो. १९७८ साली मी दहावीत होतो. शाळेत एक व्होल्टमीटर, एक अँपिअरमीटर आणि एक सरकता रोधक होता. चार-चार मुलांचा गट करून प्रयोग चाले. ओहमचा नियम पडताळायचा होता. रोधकाची तार आमच्या गटाच्या पाळीच्या वेळी तुटली, म्हणून सरांनी तिच्या जागी टॉर्चचा अडीच व्होल्टचा दिवा जोडून दिला आणि ते दुसऱ्या गटाकडे गेले. आम्ही व्होल्टेज थोडे थोडे वाढवीत अँपिअर वाचू लागलो. आकडे काही केल्या जुळेनात. दाब दुप्पट केला तरी धारा दुप्पट होत नव्हती. आरंभी भागाकार सव्वा ओहमच्या आसपास येत होता. दिवा पूर्ण उजळला तेव्हा अडीच व्होल्टला ०.३ अँपिअर, म्हणजे आठ ओहमांहून अधिक. आलेख सरळ येण्याऐवजी धनुष्यासारखा वाकत होता. परीक्षा जवळ आली होती. मी वहीत आधी पट्टीने सरळ रेषा ओढली आणि मग तिच्यावरचे बिंदू वाचून त्यांचा तक्ता तयार केला.

सरांनी तक्ता पाहिला. ते रागावले नाहीत. "हे आकडे फार चांगले आहेत," ते म्हणाले, "इतके चांगले की खुद्द ओहमलाही मिळाले नव्हते." मग त्यांनी त्या रेषेवर तांबडी पेन्सिल फिरवली आणि शाळा सुटल्यावर मला थांबवून ठेवले. त्या संध्याकाळी मी सारी मोजमापे पुन्हा घेतली, आणि रिकाम्या वर्गात सरांनी मला ओहमची गोष्ट सांगितली. तिच्यातील बारकावे मी पुढे स्वतः वाचून मिळवले.

गेऑर्ग झिमॉन ओहम हा जर्मनीतील एर्लांगेन या गावचा, १७८९ चा जन्म. वडील कुलुपे बनवणारे कारागीर. विशेष म्हणजे त्या वडिलांनी स्वतःच्या बळावर गणित आत्मसात केले आणि ते मुलांना शिकवले. १८१७ मध्ये ओहम कोलोन येथील जुन्या जेझुइट विद्यालयात गणिताचा आणि पदार्थविज्ञानाचा शिक्षक झाला. तो विद्यापीठाचा प्राध्यापक नव्हता, हे येथे मुद्दाम सांगतो. आपल्या सरांप्रमाणेच तो शाळामास्तर होता. फरक एवढाच की त्याच्या शाळेतील उपकरणांचे कपाट आपल्यापेक्षा भरलेले होते. तारेतून विजेची धारा वाहते, तार लांब केली की ती क्षीण होते, एवढे त्या काळी सर्वांना ठाऊक होते. पण किती क्षीण? येथे मात्र सगळे चाचपडत होते. 'व्होल्ट' नव्हता, 'अँपिअर' नव्हता. दाब आणि धारा या दोन वेगळ्या राशी आहेत, हेही पुष्कळांच्या मनात स्पष्ट नव्हते.

१८२५ मध्ये ओहमने आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला आणि त्यातील सूत्र चुकीचे होते. त्याच्या आकड्यांतून लॉगॅरिथमचे एक समीकरण निघत होते. आकडे खोटे नव्हते. दोष होता बॅटरीत. व्होल्टाच्या पद्धतीची ती बॅटरी जोडल्याबरोबर जोमाने वाहू लागे आणि पाहता पाहता मंदावे. मोजणारा तार बदलेपर्यंत ढकलणारी शक्तीच बदलून जाई. मग धारा तारेमुळे घटली की बॅटरीमुळे, हे सांगणार कोण? ज्या नियतकालिकात ओहम लिहीत असे त्याचे संपादक पोगेनडॉर्फ यांनी सुचवले की बॅटरी सोडावी आणि उष्णतेपासून मिळणारी वीज वापरावी. १८२१ मध्ये झेबेकने दाखवले होते की दोन भिन्न धातूंच्या वलयातील एक सांधा गरम आणि दुसरा थंड ठेवला, तर त्यात धारा वाहते.

ओहमने बिस्मथ आणि तांबे यांची जोडी घेतली. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा वितळत्या बर्फात. पाणी उकळत आहे आणि बर्फ वितळत आहे तोवर दोन्ही तापमाने हलत नाहीत, म्हणून विजेचा रेटाही हलत नाही. एवढी साधी युक्ती! धारा मोजायला एक चुंबकसुई सोन्याच्या चपट्या बारीक पट्टीने टांगली. धारेमुळे सुई वळली की वरचे टोक पिळून ती मूळ जागी आणायची; जितका पीळ द्यावा लागेल तितकी धारा. मग एकाच जाडीच्या आठ तांब्याच्या तारा: २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच लांबीच्या. जानेवारी १८२६ मधील त्याच्या एका मालिकेत दोन इंचांच्या तारेला ३२६¾ आणि १३० इंचांच्या तारेला ४८½ असा पीळ मिळाला. या सर्व आकड्यांना एक अगदी साधे सूत्र लागू पडले: 'अ' भागिले ('ब' अधिक तारेची लांबी). 'अ' ७२८५ आणि 'ब' २०¼ धरून भागाकार करून पाहा. दोन इंचांना सुमारे ३२७½ येतात आणि १३० इंचांना ४८½. मधल्या दहा इंचांना मात्र हिशेबाने जवळजवळ २४१ यावेत तेथे त्याला २३८¼ मिळाले होते. ते त्याने तसेच छापले. सरांना हा आकडा फार प्रिय होता.

'अ' म्हणजे रेटा. आपण ज्याला व्होल्टेज म्हणतो तो. लांबी म्हणजे बाहेरच्या तारेचा रोध. आणि 'ब'? तो उपकरणाचा स्वतःचा रोध. बिस्मथचा दांडा, सांधे, जोडण्या, ज्यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही ते सारे या 'ब'मध्ये बसले होते. मंडळात तुम्ही मुद्दाम घातलेला रोध तुम्हाला माहीत असतो. नकळत शिरलेला रोध हिशेबात धरणे हे ओहमचे खरे मोठेपण, असे माझे मत आहे. कारखान्यात आणि घरीही मला आयुष्यभर या 'ब'नेच छळले. त्याकडे पुढे येतोच.

१८२७ मध्ये बर्लिनला त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि स्वागत थंड झाले. निसर्गाकडे तत्त्वज्ञानाच्या उंचीवरून पाहणाऱ्या तेथील विद्वानांना हा शाळामास्तराचा मोजपट्टीचा उद्योग रुचला नाही. काहींनी कठोर टीका केली. ओहमने कोलोनची नोकरी सोडली आणि पुढची काही वर्षे बर्लिनमध्ये किरकोळ शिकवण्यांवर काढली. १८३३ मध्ये न्युरेंबर्गच्या तंत्रशाळेत त्याला जागा मिळाली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ले पदक दिले, तेव्हा त्याच्या देशबांधवांच्याही लक्षात तो आला. म्युनिक विद्यापीठातील पूर्ण प्राध्यापकपद मिळाले ते १८५२ मध्ये. १८५४ मध्ये तो वारला.

येथे एक विलक्षण गोष्ट नोंदवली पाहिजे. ओहमच्या पंचेचाळीस वर्षे आधी, १७८१ मध्ये, इंग्लंडात हेन्री कॅव्हेंडिश याने जवळपास हेच शोधून काढले होते. त्याच्यापाशी धारामापक नव्हता, म्हणून त्याने स्वतःचे शरीरच मापक केले. मिठाच्या पाण्याच्या नळ्यांतून लेडन बरणीचा झटका अंगातून जाऊ द्यायचा आणि दोन झटके सारखे वाटेपर्यंत नळीतील पाण्याच्या स्तंभाची लांबी कमी-जास्त करायची! हा मनुष्य इतका भिडस्त की त्याने ते कोणाला सांगितले नाही. त्याची टिपणे मॅक्सवेलने संपादित करून १८७९ मध्ये छापली, तेव्हा जगाला कळले. न सांगितलेले ज्ञान शंभर वर्षे कपाटात पडून राहिले.

ओहमने धारा आणि रोध यांचा संबंध सांगितला. पण तार तापते किती, हा प्रश्न उरला होता. तो सोडवला मँचेस्टरजवळच्या सॅलफर्ड गावातील दारू गाळणाऱ्या घराण्यातील एका तरुणाने. जेम्स प्रेस्कॉट ज्यूल तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होता. पाण्याच्या भांड्यात तारेचे वेटोळे बुडवून, त्यातून धारा सोडून, थर्मामीटरने तो पाणी किती तापले ते पाही. १८४१ मध्ये त्याने जाहीर केले की उष्णता रोधाच्या आणि धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. धारा दुप्पट, तर उष्णता चौपट. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, आणि तेच अँपिअरचा वर्ग गुणिले ओहम, हे आज आपण एका ओळीत लिहितो. त्यातील 'वॅट' हे नाव १८८२ मध्ये विल्यम सीमेन्स यांनी सुचवले. त्याच्या आदल्या वर्षी पॅरिस येथील विद्युत् परिषदेने ओहम, व्होल्ट आणि अँपिअर ही एकके मान्य केली होती. ज्याला हयातीत प्राध्यापकपदासाठी तिष्ठावे लागले, त्याचे नाव मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी जगभरच्या मोजमापांत शिरले. पुढे हा ओहम पाऱ्याच्या १०६.३ सेंटिमीटर लांबीच्या स्तंभाने ठरवला जाई. १९८० मध्ये क्लाउस फॉन क्लिट्झिंगने दाखवले की विशिष्ट परिस्थितीत पदार्थाचा रोध २५,८१२.८०७ ओहम या ठरीव मूल्याच्या पूर्णांश भागांतच बसतो. १९९० पासून एककाची प्रत्यक्ष जपणूक त्या आधारे होऊ लागली आणि २०१९ मध्ये निसर्गाचे स्थिरांकच पक्के ठरवून पारा, तार या साऱ्यांना निरोप देण्यात आला.

ज्यूलचे मँचेस्टर आणि आपले भोपाळ यांचा एक धागा सांगण्याचा मोह आवरत नाही. 'हेवी इलेक्ट्रिकल्स'ला तांत्रिक साहाय्य करणारी विलायती कंपनी म्हणजे असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज. तिच्या दोन मुख्य घटकांपैकी एक, मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स, हिचा प्रचंड कारखाना मँचेस्टरच्या ट्रॅफर्ड पार्कात होता. ज्यूलने जेथे पाणी तापवले, त्याच परिसरातून शंभर वर्षांनी ते शास्त्र गोविंदपुऱ्यात आले. योगायोग एवढाच, त्याहून अधिक अर्थ त्यातून काढू नये.

परंतु हिंदुस्थानात ओहमचा नियम त्याआधीच आला होता, आणि तो आपल्या माळव्यातूनच गेला होता. १८५४ मध्ये तारायंत्राच्या लांब वाटा सुरू झाल्या. मुंबई ते आग्रा ही वाट इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलखातून गेली. तारायंत्राचे प्रमुख विल्यम ओशॉनेसी हे पेशाने डॉक्टर. त्यांनी आरंभी बारीक तारेऐवजी लोखंडाच्या जाड सळ्या वापरल्या. घारी, कावळे आणि माकडे यांच्या भाराने त्या तुटू नयेत हा एक हेतू. जाडीमुळे रोध कमी राहतो हा दुसरा लाभ. नंतरच्या काळात कलकत्त्याला लुई श्वेंडलर नावाचा जर्मन विद्युत्-तज्ज्ञ या खात्यात आला आणि त्याने तारांच्या चाचणीचे नियमबद्ध शास्त्र तयार करून त्यावर ग्रंथ लिहिला. (हाच गृहस्थ कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक होता.) त्या चाचणीचे मर्म असे. शंभर मैलांवर कोठेतरी तार जमिनीला टेकली आहे. माणूस घोड्यावर पाठवून शोधायचे तर दिवस जातात. त्याऐवजी कचेरीत बसून तारेला ठरावीक दाब द्यायचा, धारा मोजायची, भागाकार करायचा. दर मैलाचा रोध आधी नोंदलेला असतो. त्याने भागले की बिघाडाचा मैल हाती येतो. अर्थात जेथे तार टेकली तेथील मातीचाही रोध असतो, ओली माती वेगळी, कोरडी वेगळी; म्हणून दोन्ही टोकांकडून मोजून तो अज्ञात रोध वजा करावा लागे. पुन्हा तोच 'ब'.

पश्चिम घाटातील खोपोलीचे उदाहरण सर्वांना परिचित आहे, म्हणून थोडक्यात. १९१५ मध्ये टाटांच्या जलविद्युत् केंद्रातून मुंबईला वीज गेली ती एक लाख व्होल्ट दाबाने. इतका भयंकर दाब कशासाठी? फेजांची गुंतागुंत सोडून हिशेब करा. दहा हजार किलोवॅट वीज दहा हजार व्होल्टने न्यायची तर धारा हजार अँपिअर. एक लाख व्होल्टने न्यायची तर शंभर. धारा दशांश झाली की त्याच तारेतील उष्णतेचा नाश शतांश होतो. सॅलफर्डच्या तरुणाने वेटोळ्यात पाहिलेला वर्ग सह्याद्रीच्या मनोऱ्यांवर असा उभा राहिला.

आता अशोका गार्डनात परत येऊ. आमच्या घरी पाणी तापवायला दीड हजार वॅटचा हीटर होता. २३० व्होल्टला तो साडेसहा अँपिअर घेतो, म्हणजे त्याचा रोध सुमारे ३५ ओहम. हिवाळ्याच्या संध्याकाळी व्होल्टेज १८० वर उतरे. तेव्हा त्याच हीटरची शक्ती ९२० वॅटच उरते, आणि अर्ध्या तासाचे पाणी तापायला जवळजवळ पन्नास मिनिटे लागतात. आईला सूत्र ठाऊक नव्हते, पण दिव्याचा तांबूस रंग पाहून ती म्हणे, "आज बंब लवकर मागू नका रे." तिचा अंदाज क्वचितच चुके.

डिसेंबर १९८० मध्ये त्या हीटरचा सॉकेट मी स्वतः बदलला. वायरमन बोलावण्याची गरज काय, मी तर ओहमचा नियम शिकलेला! एक स्क्रू नीट आवळला गेला नाही. आठवडाभराने पहाटे आईच्या हाका ऐकून मी उठलो. सॉकेट जळून लाकडी बोर्ड पेटला होता, शेजारचा टॉवेल धुमसत होता. आईने प्लग हाताने ओढून काढला होता आणि तिचा उजवा तळहात भाजला होता. फ्यूज पंधरा अँपिअरचा, शाबूत होता.

सायंकाळी सर घरी आले. आईची विचारपूस झाली, चहा झाला. मग त्यांनी 'कालनिर्णय'चे जुने पान उलटे करून माझ्यापुढे ठेवले. "फ्यूज का उडाला नाही?"

"सर, तो जाड असेल."

"किती अँपिअर जात होते, ते काढ. ढिल्या स्क्रूचा रोध एक ओहम धर."

३५.३ मध्ये एक मिळवला. २३० ला ३६.३ ने भागले. ६.३४ अँपिअर. धारा वाढली नव्हतीच, किंचित कमी झाली होती! फ्यूज पाहतो तो केवळ धारा, म्हणून त्याला काही कळलेच नाही. आणि त्या एका ओहमात किती वॅट? ६.३४ चा वर्ग, म्हणजे चाळीस. डाख लावण्याची विजेची कथील-इस्त्री पंचवीस वॅटची असते. तिच्याहून अधिक उष्णता मी एका स्क्रूच्या डोक्याएवढ्या जागेत, लाकडाला टेकवून, आठवडाभर रोज कोंडत होतो. सर काही बोलले नाहीत. आईच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहत मी ते पान घडी करून ठेवले. तिच्या तळहातावरचा डाग शेवटपर्यंत गेला नाही.

रोध कोणी पाहिलेला नाही, असे मी आरंभी म्हणालो. तो दोन मोजमापांचा भागाकार आहे. आणि ती मोजमापे ज्या जागेची, ज्या क्षणाची, ज्या तापमानाची असतील, तेवढ्यापुरताच तो खरा. घरातील जुना शंभर वॅटचा दिवा घ्या. थंड असताना ओहममीटर त्याचा रोध चाळीसच्या आसपास दाखवतो. त्यावरून शक्ती काढली तर तेराशेहून अधिक वॅट येते. आणि दिवा तर शंभराचा! चूक मीटरची नाही. पेटलेल्या दिव्याची तार दोन हजार अंशांहून अधिक तापते, आणि तेव्हा २३० व्होल्टला ०.४३५ अँपिअर या चालू स्थितीतील मोजमापांवरून रोध येतो ५२९ ओहम. टॉर्चच्या दिव्याने दहावीत मला हेच सांगितले होते, मी ते पट्टीने झाकले होते. ओहमच्या तारा थंड होत्या, म्हणून त्याची रेषा सरळ आली. माझी वाकली, आणि दोन्ही खऱ्या होत्या.

ज्या गोष्टीने मला शाळेत फसवले, तिच्यावरच पुढे माझी उपजीविका चालली. मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्याच्या पोटात थर्मामीटर घालता येत नाही. मग आतील तापमान कसे कळावे? रोधावरून. आधी थंड वेटोळ्यात एकदिश धारा सोडून व्होल्ट आणि अँपिअर वाचायचे. नंतर तासन् तास भार देऊन, तो काढताच पुन्हा वाचायचे. तांब्याच्या बाबतीत रोध हा '२३५ अधिक तापमान' या प्रमाणात वाढतो. ३० अंशांना असलेला रोध १.२ पट झाला, तर २६५ ला १.२ ने गुणून त्यातून २३५ वजा करायचे: ८३ अंश. खरी कसोटी यापुढे. भार काढल्या क्षणापासून वेटोळे निवत असते, आणि मीटर जोडून काटा स्थिरावेपर्यंत काही काळ जातोच. म्हणून ठरावीक अंतराने वाचने घेत राहायचे, त्यांचा वक्र काढायचा आणि तो मागे वाढवत नेऊन भार काढला त्या क्षणाचा रोध ठरवायचा. जो क्षण कोणीच मोजलेला नाही, त्याचा आकडा प्रमाणपत्रावर जातो. मोह कोठे होतो, ते श्रोत्यांनी ताडलेच असेल.

एकदा एका तरुण सहकाऱ्याने मला वक्र दाखवला. सात बिंदू सुरेख, तिसरा बाजूला पडलेला. तो खोडून टाकण्याची परवानगी तो मागत होता. रात्रीचे दोन वाजले होते, पुन्हा चाचणी घ्यायची तर यंत्र आणखी कित्येक तास तापवावे लागणार होते. आम्ही जोडण्या तपासल्या. एका पकडीचा नट ढिला होता. दाबाची तार त्या पकडीच्या बाहेरून घेतली असल्यामुळे सांध्याचा रोध वेटोळ्याच्या रोधात मिसळत होता, आणि तिसऱ्या वाचनाच्या वेळी ती पकड हलली होती. म्हणजे दिसायला सुरेख असलेले सातही बिंदू संशयास्पद ठरले. आम्ही नट आवळला, दाबाची तार थेट वेटोळ्याच्या टोकावर घेतली आणि यंत्र पुन्हा तापवायला लावले.

१९७८ ची ती प्रयोगवही मी जपून ठेवली आहे. तिच्या एका पानावर तांबड्या पेन्सिलीने खोडलेली सरळ रेषा आहे. समोरच्या पानावर वाकलेला आलेख, आणि त्याखाली सरांच्या अक्षरात दोनच शब्द: 'पुन्हा मोजले.' ती वही मी आज मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करीत आहे. पाने जीर्ण झाली आहेत. मुलांना दाखवताना तेवढी जपून उलटावीत.